खालची खिट्टी

जालन्याच्या सदर बाजारातल्या त्या तीन मजली इमारतीचा जिना चढताना केदारखेड्याच्या बद्रीनाथअण्णांनी दोनदा देवाचं आणि एकदा घरमालकाच्या आईचं नाव घेतलं. पायऱ्या अठ्ठेचाळीस होत्या. शेवटच्या पायरीवर ते बसलेच.

"माणसानं माणसावानी जमिनीवर ऱ्हावं," धाप जरा खाली बसल्यावर ते सुनेला म्हणाले. "हे काय कावळ्याच्या खोप्यात संसार मांडून राह्यले तुम्ही!"

"बरं मामंजी," नंदा म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

हे 'बरं मामंजी' अण्णा सहा वर्षं ऐकत आले होते. सहा वर्षांत त्यांना एवढंच कळलं होतं की ते म्हटलं की सून तिला हवं तेच करते. वर भांडायला तोंडही शिल्लक ठेवत नाही.

इमारत एका शेटजीची. खाली रुईचं गोदाम, मधल्या मजल्यावर त्याची पेढी आणि सगळ्यात वर, रस्त्याच्या अंगाला गच्ची असलेल्या दोन खोल्या. त्या खोल्यांत अण्णांचा एकुलता एक मुलगा गिरिधर राहत होता. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. सगळ्या सदर बाजारात त्या इमारतीहून उंच काय ते जिनिंगचं धुराडं. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं तिच्यासमोर उभी राहून टोपी सांभाळत वर बघायची.

नंदा आणि नातू नरहर सहा महिन्यांपूर्वीपर्यंत केदारखेड्यातच होते. मग गिरिधर एकदा दिवाळीला आला आणि दोघांना घेऊन गेला. त्या दिवसापासून अण्णांचं घर खायला उठलं. सकाळी मिशा ओढायला कोणी नाही, चिलमीत माती भरायला कोणी नाही. पण मोठ्या माणसाने असं बोलायचं नसतं. म्हणून अण्णा बोलले ते निराळंच.

"वरून लेकरू पडलं म्हंजी? म्या येतो, तीन दिवस ऱ्हातो, बराबर बघतो. घराला एक जरी खोट सापडली तर सून आन नातू माझ्यासंगं गावाला."

गिरिधरने आयुष्यात बापाला नाही म्हटलं नव्हतं. तो हो म्हणून बसला. नंदाला कोणी विचारलंच नाही. लग्न होऊन सहा वर्षं झाली, त्यातली साडेपाच वर्षं तिला नवरा सणासुदीला पाहुण्यासारखा भेटला होता. आता कुठे त्याच्या ताटात रोज गरम भाकरी वाढायला मिळत होती. ती या खोप्यातून हलणार नव्हती. पण हे तीही बोलली नाही. तिने खिडकीच्या गजांना सुतळी विणून जाळी केली, जिन्याच्या तोंडाशी गुडघाभर फळी बसवली, चुलीभोवती विटांचा कठडा रचला आणि सासऱ्यांची वाट बघत बसली.

पहिल्या दिवशी अण्णांनी खिडकी हलवून पाहिली, फळीला लाथ मारून पाहिली, कठड्याच्या विटा मोजल्या. खोट सापडेना. संध्याकाळी ते जालन्यातच, कादराबादेत जाऊन साळूआत्याला भेटून आले. साळूआत्या म्हणजे अण्णांची सख्खी आत्या, वय नव्वदीच्या पलीकडे. दोन वर्षांपासून ती अंथरुणाला खिळली होती आणि दोन वर्षांपासून सगळा गोतावळा आज जाते की उद्या जाते म्हणून तयारीत होता. आत्याने अण्णांकडून पेढा मागून खाल्ला आणि दुसराही मागितला.

नातवाची गोष्ट वेगळी. नाव नरहर, वय दोन वर्षं, उंची अण्णांच्या गुडघ्याच्या वर चार बोटं. शब्द बरेच येत होते, पण पसंतीचा एकच होता.

"नरू, आज्याकडं ये."

"नाई."

"राजा, दूध पी."

"नाई!"

नंदा पुढे आली. "नरू, ते दूध पिऊ नको बरं. मांजरीचं हाय ते." नरूने पेला ओढला आणि गटागटा रिकामा केला.

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. "लेकराला असं उलटं शिकवत असतात का? ह्यानं मोठा झाल्यावर काय करावं? सरळ हुकूम द्यावा. आमच्या घरी चार बैलजोड्या हायेत, एक बैल उलटा चालत न्हाई."

"बरं मामंजी," नंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मात्र देव पावला. दुपारी वारा सुटला आणि गच्चीचं दार धाडकन उघडलं. वरची कडी सैल होती. चौकटीला वाळवी लागून तिथलं लाकूड भुसभुशीत झालं होतं. अण्णा टाळी वाजवून उठले. "सापडली! लेकरू गच्चीत गेलं असतं, कठड्यावर चढलं असतं..."

"आजच सुताराला बोलावते," नंदा म्हणाली.

इथेच अण्णांनी हातातली बाजी घालवली. "सुतार? म्या मेलो व्हय? गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवणारा माणूस हाय मी!" आणि ते तडक खाली उतरले, बाजारातून लोखंडी खिट्टी आणि खिळे घेतले, पुन्हा अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून आले आणि ठोकाठोकीला बसले. वर लाकूड धरेना. खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, चौकट दगडासारखी होती. तिथे त्यांनी खिट्टी बसवली. चार खिळ्यांपैकी तीन वाकडे गेले, ते त्यांनी हातोड्याने तसेच दाबून बसवले.

नंदा बघत होती. "मामंजी, जरा वर लावली तर? तिथं नरूचा हात पोचतोय."

"मला शिकवतीस? ह्याच्या हातात एवढा जोर हाय का? माझ्यासारख्याला सरकंना." हे मात्र खरं होतं. खिट्टी अडकत होती. म्हणून अण्णांनी तिला गोडतेल लावलं. दोनदा लावलं. मग ती लोण्यासारखी सरकू लागली आणि अण्णांनी समाधानाने मिशीवर हात फिरवला. दुरुस्त झालेली खोट ही खोट धरता येत नाही, हे त्यांना मागाहून सुचलं. पण माणूस शब्दाचा पक्का. त्यांनी ती सोडून दिली.

राहिला तिसरा दिवस. तो बुधवार होता, बाजाराचा.

इथे अण्णांच्या पटक्याबद्दल सांगायला हवं. अण्णांच्या डोक्याला लाल पटका असे. सकाळी अंघोळ झाली की बांधायचा, तो रात्री पाठ टेकताना उतरायचा. त्यांच्या भागात चांगला माणूस चारचौघांत उघड्या डोक्याने दिसायचा तो एकाच दिवशी, घरात मयत झाल्यावर. मयतीची बातमी कळली की अंघोळ करायची, ओल्या अंगाने, बोडक्या डोक्याने बाहेर यायचं. एरवी बोडकं फिरणं म्हणजे जिवंत माणसांना मारणं. असे दिवस सोडले तर अण्णांचं टक्कल केदारखेड्यात त्यांच्या बायकोखेरीज, म्हणजे द्वारकाबाईंखेरीज, कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि द्वारकाबाईही त्या विषयावर बोलत नसत.

त्या सकाळी गिरिधर कामाला गेला. अण्णांची अंघोळ नुकतीच उरकली होती. कमरेला पंचा, अंग ओलं, पटका ट्रंकेवर घडी करून ठेवलेला. नंदाने धुण्याची बादली उचलली.

"मामंजी, मागच्या आडावर धुणं धुऊन येते. नरूला धराल का तवर?"

"चार बैलजोड्या धरल्या, हे काय धरायचं," अण्णा म्हणाले. "जा बिनघोर."

ती जाताच त्यांनी जिन्याचं दार आतून लावून वरचा अडसर घातला. पोरगं जिन्यात जायला नको. स्वतःच्या हुशारीवर खूश होत त्यांनी पिळलेलं धोतर उचललं आणि ते वाळत घालायला गच्चीत पाऊल टाकलं.

मागे दार लागलं. मग एक बारीक आवाज आला. सर्रर्र... खट.

अण्णांना आधी हसूच आलं. "अरे वा रे गडी! उघड आता."

"नाई," आतून आलं.

"नरू, आज्या भायेर हाय. जल्दी उघड."

"नाई."

अण्णांनी आवाज चढवला. ज्या आवाजाने केदारखेड्यातली भांडणं मिटायची, बैल जागच्या जागी थांबायचे, तो आवाज त्यांनी दाराला लावला. "नऱ्या! दार उघड म्हणतो ना!" आतून खिदळणं ऐकू आलं आणि तुरुतुरु पावलं लांब गेली.

मग काहीच ऐकू येईना. घरात लहान लेकरू असलं आणि आवाज थांबला की समजावं, काहीतरी उद्योग चाललाय. अण्णांनी फटीला डोळा लावला. नरू ट्रंकेजवळ उभा होता. त्याने पटक्याची घडी खाली ओढली, टोक धरलं आणि पळायला लागला. पंधरा हातांचा लाल पटका त्याच्यामागे उलगडत खोलीभर फिरला, एकदा पाटाभोवती, एकदा पाण्याच्या रांजणाभोवती, आणि मग नरू चुलीजवळ जाऊन थांबला. आई रोज चुलीत काटक्या सारते, हे त्याने बघितलेलं होतं. त्याने विटांच्या कठड्यावरून पटक्याचं टोक आत टाकलं.

चुलीत इंगळ होते.

"नरू!" अण्णा ओरडले ते असे की घसाच फाटला. "सोड ते! सोड रे बाबा!"

"नाई," नरू म्हणाला आणि आणखी हातभर पटका आत सारला.

अण्णांनी दाराला खांदा मारला. दार हललं नाही. खिट्टी भक्कम होती, बसवणारा तसाच होता. ते गच्चीच्या कठड्याकडे धावले. खाली बाजार फुलला होता. कापसाच्या गाड्या, बैलांच्या घंटा, मिरचीवाल्यांचा ओरडा. अण्णा दोन्ही हात वर करून ओरडत होते, "अरे कुनी वर या! माझं लेकरू!" पण त्या गलक्यात तिसऱ्या मजल्यावरचं कोणाला ऐकू जाणार! त्यांनी कपाळ बडवलं, पुन्हा बडवलं, कारण दुसरं बडवायला जवळ काही नव्हतं.

तेवढ्यात खाली ओळखीचं तोंड दिसलं. केदारखेड्याचा रामकिसन! अण्णांच्या बांधाला बांध असलेला रामकिसन मिरचीच्या पोत्याजवळ उभा राहून वरच बघत होता. अण्णांना देव भेटला. "रामकिसन! वर ये! वर ये!" त्यांनी जोरजोराने हात हलवला.

रामकिसनने वर पाहिलं. हळूच डोक्यावरची टोपी काढली. दोन्ही हात जोडले. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, समजलं अशी मान हलवली, 'तुम्ही काही काळजी करू नका' असा हात केला आणि गर्दीत घाईघाईने निघून गेला.

हा टोपी काढून काय करून राह्यला? अण्णांना उमगेना. विचार करायला वेळही नव्हता, कारण आता जिन्याच्या दाराची कडी वाजली.

"मामंजी! दार कामून लावलं? उघडा की!" नंदाचा आवाज होता.

"म्या कसं उघडू? म्या गच्चीत हाय!" दोन खोल्या ओलांडून अण्णा ओरडले. "ह्यानं खिट्टी लावली!"

पलीकडून प्रश्न आला. "कोंची खिट्टी?"

अण्णांनी आवाज खाली आणला. "खालची."

"चुलीत इस्तू हाय का?"

"हाय! त्यात माझा पटका घालून राह्यला!"

बादली खाली आदळल्याचा आवाज आला. नंदाने दारावर एक धडक मारली. पण अडसरही अण्णांनीच घातला होता, तोही भक्कम होता. मग तिचा आवाज आला, दाबून धरलेला. "मामंजी, ऐका. त्याला उघड म्हणू नका. नको म्हणा. जे करायचं ते करू नको म्हणा. आन गोड बोला, वरडू नका."

अण्णांनी आयुष्यात उलटा हुकूम दिला नव्हता. ते गुडघ्यांवर बसले, फटीला तोंड लावलं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता.

"नरू... माझ्या राजा... इकडं येऊ नको बरं."

नरूने मान वळवली. हातातला पटका सुटला. "येनाल!" म्हणत तो दारापाशी आला.

"त्या खिट्टीला हात लावू नको बरं. लई वाईट खिट्टी हाय."

चिमुकला हात खिट्टीवर पडला.

"नरू, खिट्टी नको काढू. आज्याला भायेरच ऱ्हाऊ दे. नको काढू रे माझ्या सोन्या."

सर्रर्र. गोडतेल कामाला आलं.

अण्णा आत घुसले, चुलीतून पटका ओढला आणि टोक पायाने विझवलं. चवलीच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं, तेवढंच. मग त्यांनी नरूला उचलून छातीशी धरलं. ते भुईवर बसले आणि रडले. नरू त्यांच्या टकलावर थापट्या मारत होता. त्याला हे नवीनच खेळणं सापडलं होतं.

"मामंजी!" जिन्यातून हाक आली. तिला आत घ्यायचं अण्णा साफ विसरले होते.

नंदा आत आली. आधी तिने पोराला ओढून घेतलं, त्याचे हात-पाय तपासले, त्याचे मुके घेतले, एक धपाटाही घातला. मग तिची नजर फिरली. खोलीभर पसरलेला पटका, पंचा नेसलेला सासरा, उघडं टक्कल, वाकड्या खिळ्यांची खिट्टी. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तोंडावर धरला आणि भिंतीकडे वळली. खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

"सूनबाई," पटका गुंडाळत अण्णा म्हणाले, "हे गिरिधरला कळायचं कारण न्हाई."

"बरं मामंजी."

"आन तुझ्या सासूबाईंना तर बिलकुल न्हाई."

"बरं मामंजी." जरा थांबून तिने पदराआडूनच विचारलं, "मंग मामंजी, खोट सापडली का?"

अण्णांनी एकदा खिट्टीकडे पाहिलं. "उद्या सांगतो," ते म्हणाले.

संध्याकाळी ते गच्चीत बसले होते. नरू मांडीवर झोपला होता, एक मूठ त्यांच्या मिशीत अडकवून. अण्णांना तो हवा होता. सरळ गोष्ट होती, त्यांना नातू हवा होता. उद्या नुसतं म्हणायचं, 'पोरगं दार लावून घेतं, चुलीत कपडे घालतं.' गिरिधर मान खाली घालेल आणि पोरगं गाडीत. पण मग 'दार लावलं तेव्हा जवळ कोण होतं' असं कोणीतरी विचारणार. आणि ती पोरगी नवरा घरी आल्यापासून त्याच्याजवळ त्यातलं एक अक्षर बोलली नव्हती. अण्णांना तिचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिधर टोपी घालून निघतच होता, तेवढ्यात खाली जिन्याच्या तोंडाशी बायकांनी गळा काढला.

"अगं माझ्या मायेऽऽ कशी गं गेली तूऽऽ"

रडणं जिना चढू लागलं. पहिल्या मजल्यापर्यंत ते खणखणीत होतं. दुसऱ्यावर त्यात धाप मिसळली. तिसऱ्याच्या मध्यावर कोणीतरी "किती पायऱ्या हायेत गं बाई" असं विचारलं आणि पुन्हा रडायला लागलं. मग दारातून द्वारकाबाई आल्या, त्यांच्यामागे गावातल्या चार बायका, सहा बाप्ये, आणि सगळ्यात मागे रामकिसन. सगळे बाप्ये बोडके.

समोर अण्णा उभे. डोक्याला लालभडक पटका. हातात चहाची बशी.

रडणं बंद पडलं.

"अण्णा," रामकिसन चाचरत म्हणाला, "पटका?"

"मंग काय बांधू? आन तुम्ही सगळे असे? गावात कोन गेलं?"

"गावात न्हाई, इथं! साळूआत्या!"

"साळूआत्या? सोमवारीच तिनं दोन पेढे खाल्ले माझ्या हातचे!"

द्वारकाबाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्या नजरेत आता दुसरं काहीतरी यायला लागलं. रामकिसनने घाईघाईने सगळ्यांना साक्षीला धरलं. "म्या सोताच्या डोळ्यांनी पाह्यलं! अण्णा अंगुळ करून, उघड्या डोक्यानं गच्चीत उभे. कपाळ बडवून राह्यल्ते. मला 'जा, सांगावा दे' म्हणून हात केला. म्या मिरच्या तशाच टाकल्या आन दुपारच्या मोटारीनं गावाला गेल्तो!"

"तुला 'वर ये' म्हणून हात केल्ता, गाढवा!"

"कामून?" द्वारकाबाईंनी विचारलं.

अण्णा आणि नरू सोडून खोलीत चौदा माणसं होती आणि चौदाही अण्णांकडे बघत होती.

"ऊन खात व्हतो," अण्णा म्हणाले.

"कपाळ बडवत?"

"डोकं दुखत व्हतं."

"मला तर काल म्हणाले झकास झोप लागली," गिरिधर म्हणाला. बापड्याला कधी गप्प बसावं ते कळत नसे.

द्वारकाबाई पुढे आल्या. "काहीतरी झालंय. लेकरू पडलं व्हतं का? खरं सांगा. या उंचीची मला पयल्यापासून धास्ती. काही असलं तर सून आन लेकरू आजच घेऊन जाऊ."

आयतं ताट समोर आलं होतं. अण्णांना फक्त हो म्हणायचं होतं. त्यांनी नंदाकडे पाहिलं. ती सगळ्यांना पाणी देत होती, मान खाली. काही मागत नव्हती, काही बोलत नव्हती. पण पेला कधीच भरला होता, ती ओततच होती आणि पाणी भुईवर सांडत होतं.

"काही झालं न्हाई," अण्णा म्हणाले. "तीन दिवस म्या हे घर बराबर तपासलं. घराला बिलकुल खोट न्हाई. सून हुशार हाय, लेकरू इथंच ऱ्हाईल." एवढं बोलून त्यांनी चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता, पण त्यांना गोड लागला.

तिथे गोष्ट संपली असती. पण नरू इतका वेळ पाहुण्यांची डोकी मोजून बघत होता आणि इतकी उघडी डोकी पाहून त्याला काहीतरी आठवलं. तो खोलीच्या मधोमध आला. दोन्ही हातांनी स्वतःचं कपाळ बडवलं. मग गच्चीच्या दाराजवळ जाऊन गुडघ्यांवर बसला, फटीला तोंड लावलं आणि अण्णांच्या रडवेल्या आवाजात म्हणाला, "नलू, खित्ती नको कालू! आज्याला भायेलच ला दे! माज्या सोन्या!"

आणि खिट्टी लावून दाखवली. काढून दाखवली. पुन्हा लावून दाखवली.

द्वारकाबाई दाराजवळ गेल्या, वाकल्या, खिळ्यांवरून बोट फिरवलं. एक सरळ, तीन वाकडे. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने ठोकलेले चारही खिळे सरळ गेलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"ही तुम्ही ठोकली," त्या म्हणाल्या.

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली.

"आन तेल?"

"...दोनदा," अण्णा म्हणाले.

द्वारकाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आन तुम्ही लेकराला गावाकडं न्यायचं म्हणत व्हते? अवो, इथं त्याला तुमच्यापासून तीनच दिवस धोका. तिथं तर तुम्ही बारा महिने असता!"

आधी रामकिसन हसला. मग सगळ्या खोलीने हसायला सुरुवात केली. ज्या बायका रडत चढल्या होत्या त्या आता डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. गिरिधर पाठ फिरवून हसला. नंदा तांब्या ठेवून सरळ आतल्या खोलीत पळाली आणि तिथून तिचं हसणं ऐकू आलं. सहा वर्षांत सासऱ्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. अण्णा तेवढे हसले नाहीत. ते हातोडा शोधत होते.

त्यांनी खिट्टी उपसली आणि चौकटीच्या वरच्या अंगाला, वाळवीच्याही वर, चांगल्या लाकडात ठोकली. तीन खिळे वाकले.

मंडळी आलीच होती तर साळूआत्याला बघून जायचं ठरलं. आत्याला आपल्यासाठी सात माणसं बोडक्याने आल्याचं कळलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की ती उठून बसली. पण ते नंतर. त्याआधी निघायची वेळ झाली. बायका पायऱ्या उतरू लागल्या. अण्णांनी पिशवी खांद्याला लावली आणि नंदाच्या कडेवरच्या नरूजवळ आले. इकडेतिकडे पाहिलं. द्वारकाबाई पुढे गेल्या होत्या.

ते जवळ वाकले आणि नव्याने शिकलेल्या गोड आवाजात म्हणाले, "नरू, आज्यासंगं गावाला येऊ नको बरं का. बिलकुल येऊ नको हां."

नंदाने नरूला घट्ट धरलं. डाव तिच्या लक्षात आला होता, पण आता काय करणार!

नरूने अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या मिशीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. विचार केला. आणि जन्मात पहिल्यांदा, अगदी तिच्यासारखा, मान हलवून म्हणाला,

"बलं."

अण्णांनी पटका सारखा केला, जळकं टोक आत खोचलं आणि एकेक पायरी मोजत खाली उतरले.